सातव्या अक्षाची विद्या

दहावी-बारावीचे निकाल हाती पडले की पालकांच्या मनात जी धास्ती शिरते, तिला अलीकडे यंत्रमानवाच्या भयाची जोड मिळाली आहे. आणि ज्या यंत्रामुळे माणसाचा रोजगार जाईल असे म्हणतात, त्याच यंत्राच्या विद्येत आपल्या मुलाने वा मुलीने का शिरावे, हा त्यांचा सवाल रास्तच आहे. त्याचे उत्तर त्या यंत्राला काम पढवण्याच्या रीतीत दडलेले असल्यामुळे ती रीत येथे थोडी विस्ताराने सांगणे इष्ट वाटते.

1961 साली अमेरिकेतील न्यू जर्सी येथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा यंत्रमानव तप्त ओतीव भाग उचलू लागला, तेव्हा त्याच्याकडून प्रत्येक हालचाल जागेवरच गिरवून घ्यावी लागे. आज चाकण-भोसरीच्या पट्ट्यात वेल्डिंग करणारा रोबो बहुधा सहा सांध्यांचा असतो, आणि काम त्याच्या टप्प्याबाहेर लांब पसरलेले असले तर त्याला रुळावर सरकणाऱ्या गाडीवर बसवतात. हाच त्याचा सातवा अक्ष. यंत्र जागेवर येण्यापूर्वीच ही सारी हालचाल संगणकावर रचून तपासणे, म्हणजे सिम्युलेशन.

खरी हिकमत येथेच लागते. टेबलावर तळहात घट्ट टेकवून कोपर फिरवून पाहावे: तळहात जागचा हलत नाही, तरी कोपराला किती तरी जागा सापडतात. रुळावरच्या रोबोचेही तसेच असते; वेल्डिंगची टॉर्च एकाच बिंदूवर, एकाच कोनात धरून गाडी कोठे उभी करावी याला अगणित उत्तरे असतात, आणि त्यांपैकी ज्यात हात पुरता ताणला जाऊन अडणार नाही, केबल ओढली जाणार नाही, भाग पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरला धक्का लागणार नाही, असे एक निवडण्याची जबाबदारी माणसाच्या विवेकावर येते. संगणक टक्कर दाखवून देतो, परंतु निवडीचा जाब अभियंत्यालाच द्यावा लागतो.

शिवाय पडद्यावरचा रूळ निर्दोष सरळ असतो, कारखान्यातला नसतो. दहा मीटर रुळाची दिशा एक दशांश अंशाने चुकली, तर शेवटच्या टोकाला टॉर्च सुमारे 17 मिलिमीटर बाजूला जाते, आणि वेल्डचा सांधा तर एखाद्या मिलिमीटरचीही चूक सहसा खपवून घेत नाही. म्हणून जो विद्यार्थी मोजमाप घेऊन पडद्यावरची प्रतिकृती दुरुस्त करतो, तोच या क्षेत्रात टिकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या विद्येचा पाया त्रिकोणमिती, सदिश आणि बारावीला ज्यांची घोकंपट्टी होते त्या सारण्या (मॅट्रिक्स) यांचा आहे. रोबोच्या सांध्यांचे वर्णन चार-चार संख्यांत करण्याची जी पद्धत देनाव्हित आणि हार्टेनबर्ग यांनी 1955 मध्ये मांडली, ती याच सारण्यांवर चालते. आयटीआय वा पदविकेच्या मार्गाने येणाऱ्यांनाही येथे वाव आहे, कारण वेल्डिंगची तालीम झालेला हात टॉर्चचा कोन पाहताक्षणी ओळखतो. कॉपेलियासिम या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरची शैक्षणिक आवृत्ती विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी सुट्टीत मुलाला वा मुलीला तीवर हात बसवू द्यावा आणि कल पारखावा.

पालकांना एवढीच विनंती, की माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांवर विसंबून शुल्क भरू नये. संस्थेच्या प्रयोगशाळेत स्वतः जावे, आणि तेथील रोबो विद्यार्थी स्वहस्ते चालवतात की काचेआडून केवळ पाहतात, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे.