कच्चं बाळंतपण

एकोणिसाव्या आठवड्यात माझं पोट पडलं, तेव्हा रुग्णालयातली सगळी माणसं ताईभोवती बसली होती. ताई म्हणजे माझी मामेबहीण. गर्भ तिचा आणि दाजींचा, मी तो माझ्या पोटात वाढवत होते. तिचं रडणं खरं होतं आणि तिला धरून बसलेल्यांची मायाही खरी होती. पण बाळ माझ्या अंगातून गेलं होतं, आणि आतल्या खोलीत मी एकटी होते. सलाईन संपलं हे नर्सला सांगायलाही जवळ कुणी नव्हतं.

कुणावर राग काढायला मी हे लिहीत नाही. आमच्या वरवे बुद्रुकमध्ये किंवा भोर-वेल्ह्याच्या कुठल्याही गावात उद्या एखादी बाई बहिणीसाठी, जावेसाठी, मैत्रिणीसाठी कूस द्यायला तयार होईल. तिने माझ्यासारखं अर्धवट माहितीवर होकार देऊ नये, एवढ्यासाठी लिहिते.

ताईचं गर्भाशय आजारपणात काढावं लागलं होतं. सरोगसीचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार सरोगसीतून नफा कमावता येत नाही. कूस देणाऱ्या बाईचं लग्न झालेलं हवं, तिला स्वतःचं मूल हवं आणि तिचं वय २५ ते ३५ मध्ये हवं. मी २९ वर्षांची होते, माझा मुलगा पहिलीत होता. ताईने विचारलं आणि मी हो म्हटलं. लहानपणी आजोळी तिच्याच कुशीत झोपायचे मी. एवढं कारण मला पुरेसं होतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या पडवीत दोन्ही घरची माणसं बसली. पुण्याला तपासणीला कोण नेणार, गावात काय सांगायचं, लावणीला माझ्या जागी कोण उभं राहणार, सगळं ठरलं. मी एकदाच विचारलं, "आणि नाही टिकलं तर?" मामी लगेच म्हणाली, "शुभ बोल गं. असं अभद्र तोंडातून काढू नये." मी गप्प बसले. मला आज वाटतं, त्या दिवशी सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता आणि तो गिळला ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक कामाच्या ठिकाणी केली. मी शिरवळला एका कंपनीत पॅकिंगला जात होते. लोक काय म्हणतील या भीतीने तिथे कुणालाच काही सांगितलं नाही. तिसरी चूक कागदांची. सह्या मी केल्या, कागद दाजींच्या फाईलमध्ये गेले. माझ्या नावाने विमा काढला होता, पण त्याची प्रत मी कधी मागितली नाही. घरच्याच माणसाकडे कागद मागायचा म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मला वाटायचं.

ऑक्टोबरमध्ये भात पिवळं पडलं होतं. एका रात्री अचानक पाणी फुटलं. गाडी काढून कात्रजच्या बोगद्यातून पुणं गाठलं, पण डॉक्टरांनी मान हलवली. पहाटे सगळं संपलं. बाळ बघायचं का, असं ताईला विचारलं. मला कुणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही, कारण मागायचा हक्क आपला नाही असं मी धरून चालले होते. चार-साडेचार महिने ज्याचा भार अंगावर वागवला, ते मी पाहिलंच नाही. तो सल अजून आहे.

तिसऱ्या दिवशी घरी आले आणि चौथ्या दिवशी छाती दाटून आली. दूध. बाळ गेल्यावरही दूध येतं, हे मला एका शब्दानेही कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा जवळ येऊन बिलगला की कळ जायची. सासूबाईंनी ओढणीने घट्ट बांधलं आणि त्या पदर डोळ्यांना लावून बाहेर गेल्या. आमच्याकडे जुन्या बायका सांगतात, कच्चं बाळंतपण पक्क्यापेक्षा जास्त जपावं लागतं. पण माझं बाळंतपण झालं असं घरात कुणाला वाटलंच नाही, आणि मलाही नाही. मूल दुसऱ्याचं होतं, मग शेक-शेगडी कशाची आणि डिंकाचे लाडू कुणासाठी? दहाव्या दिवशी मी भात कापायला गेले.

तिसऱ्या आठवड्यात अंगात ताप भरला, रक्त थांबेना. पुन्हा तेच रुग्णालय. वारेचा तुकडा आत राहिला होता. खिडकीवर आधी विम्याचा कागद मागितला, नाहीतर अनामत भरा म्हणाले. दाजी-ताई त्या दिवसांत सगळ्यांपासून तुटले होते, फोन लागेना. आमच्या ह्यांनी भिशीचे पैसे उचलले आणि सासूबाईंनी गळ्यातली पोत गहाण टाकली. दाजींनी पुढे दोन महिन्यांनी एक-एक रुपया परत दिला. पैसे बुडाले नाहीत, पण रक्त जात असताना ते मागत फिरावे लागले. ही पाळी येऊ द्यायची नसते.

बरी झाल्यावर मी विधी सेवा प्राधिकरणातल्या वकील मॅडमना भेटले. बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत सल्ला मिळतो. त्यांनी कायदा आणि २०२२ चे नियम वाचून दाखवले. ऐकताना मला रडू आलं, कारण माझ्यासाठी त्यात बरंच काही लिहिलेलं होतं आणि मला ते ठाऊक नव्हतं.

नियम असं सांगतात, की मूल हवं असलेल्या जोडप्याने कूस देणाऱ्या बाईच्या नावाने ३६ महिन्यांचा आरोग्य विमा काढायचा. रक्कम एवढी हवी, की गरोदरपणातून उद्भवणाऱ्या सगळ्या गुंतागुंतींचा आणि बाळंतपणानंतरच्या त्रासाचा खर्च त्यात भागेल. बाळ हातात आलं तरच विमा, असं त्यात कुठेही नाही. त्याखेरीज जोडप्याला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वैद्यकीय खर्च, तब्येतीच्या तक्रारी, ठरवलेलं नुकसान, आजार किंवा मृत्यू यांच्या भरपाईची हमी त्यात असते. म्हणजे पोट पडणं हा कायद्याच्या बाहेरचा अपघात नाही. त्याचा खर्च उचलणं ही जोडप्याची जबाबदारी आहे, मेहरबानी नाही.

कायद्याच्या आधी आपल्या देशात पैसे घेऊन सरोगसी चालायची, तेव्हा ठरलेल्या रकमेतला मोठा वाटा बाळ हातात आल्यावर मिळायचा. मध्येच पोट पडलं की बाईच्या हाती थोडंच उरायचं. अमेरिकेतल्या ज्या राज्यांत आजही पैसे घेऊन सरोगसी चालते, तिथले करार पोट पडलं तर काय, पिशवी साफ करावी लागली तर काय, बुडालेल्या पगाराचं काय, हे सहसा आधीच कलमं घालून ठरवतात. ब्रिटनमध्ये आपल्यासारखाच नफ्याला नकार आहे, पण वाजवी खर्च देता येतो. 'मला आई व्हायचंय' हा समृद्धी पोरे यांचा मराठी चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल, त्यावरून पुढे हिंदीत 'मिमी' आला. दोन्हींत बाळ जन्माला येतं आणि मग ते कुणाचं हा पेच पडतो. जिचं बाळ जन्मालाच येत नाही, तिच्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

म्हणून होकार देण्याआधी एवढं करा.

"नाही टिकलं तर" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत, सगळ्यांसमोर विचारा. तिसऱ्या महिन्यात पोट पडलं तर काय, सहाव्यात पडलं तर काय, डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली तर घर आणि मूल कोण बघणार, हे एकेक करून बोला. बोलल्याने काही अभद्र होत नाही. अभद्र होतं ते न बोलल्याने.

विम्याची प्रत, प्रतिज्ञापत्राची प्रत आणि तुमच्या संमतिपत्राची प्रत तुमच्या घरात, तुमच्या पेटीत ठेवा. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे. इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. विमा देणाऱ्या कंपनीचा फोन नंबर नवऱ्याच्या मोबाईलमध्येही असू द्या.

अनामत कोण भरणार हे ठरवा. विम्याचे पैसे बऱ्याचदा मागाहून मिळतात, खिडकीवर मात्र लगेच लागतात. जोडप्याने थोडी रक्कम रुग्णालयात तुमच्या उपचारासाठी आधीच भरून ठेवावी आणि पोट पडल्यानंतरचे निदान दोन महिने ती तिथेच राहू द्यावी.

बुडणाऱ्या मजुरीचं नीट समजून घ्या. हातात रोख बक्षिशी घेऊ नका, कुणी देऊ केली तरी नाही. व्यापारी सरोगसीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण प्रतिज्ञापत्रातल्या 'ठरवलेल्या नुकसानी'त नेमकं काय येतं, हे सही करण्याआधी वकिलाकडून लिहून घ्या. नोकरी असेल तर कामावर सांगा. पोट पडल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्यात होती आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. त्या तरतुदीत गर्भ कुणाचा हे विचारलेलं नाही. मी लपवलं, म्हणून माझ्या सहा आठवड्यांचा पगार गेला.

पोट पडलं तर रुग्णालयातून निघण्याआधी डॉक्टरांना चार गोष्टी विचारा. वार पूर्ण पडली का? रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत द्यायचं अँटी-डी इंजेक्शन दिलं का? दूध आलं तर काय करायचं? पुन्हा दाखवायला कधी यायचं? छाती ओढणीने करकचून बांधू नका. आधार देणारे कपडे आणि गार पट्टी बरी, गोळी हवी का ते डॉक्टर सांगतील. तासाभरात पॅड भिजत असेल, ताप येत असेल, घाण वास येत असेल, पोटात कळा वाढत असतील, तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

बाळ बघायचं की नाही, हे तुम्हालाही विचारलं जावं असं आधीच सांगून ठेवा. नाही म्हणायचं असेल तर म्हणा. पण विचारलं गेलं पाहिजे.

मनाचंही तसंच. मूल आपलं नव्हतं, मग आपण का रडतो, असं मी स्वतःलाच दटावत राहिले. रडू येतंच. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

आणि शेवटचं. पोट पडलं की काही महिन्यांनी पुन्हा विचारणा होते. कायद्याने एका बाईने आयुष्यात एकदाच सरोगसी करायची, पण त्यात गर्भ ठेवण्याचे तीनपर्यंत प्रयत्न करता येतात. मात्र गर्भ आत ठेवेपर्यंत केव्हाही मागे फिरण्याचा हक्क तुमचा आहे. पहिल्यांदा हो म्हटलं म्हणून दुसऱ्यांदा हो म्हणावं लागत नाही.

ताईनेही मला पुन्हा विचारलं होतं. मी नाही म्हटलं. आम्ही दोघी बराच वेळ पडवीत गप्प बसलो. मग मी तिला ते सगळं सांगितलं जे कधी बोलले नव्हते. सलाईन, दूध, भातकापणी, सासूबाईंची पोत. ती म्हणाली, "मला वाटलं, माझंच गेलं. तुझंही काही गेलं हे माझ्या ध्यानातच आलं नाही गं." पुढच्या खेपेला ती आली तेव्हा हातात दोन वस्तू होत्या. एक माझ्या विम्याची मूळ पॉलिसी आणि दुसरा डिंकाच्या लाडवांचा डबा. वर्ष उलटून गेलं होतं, तरी सासूबाईंनी त्यातला एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "खा. तुझं बाळंतपण राहिलंय."

जोडप्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बाळ आलं नाही तरी बाळंतीण घरी येते. तिचा खर्च, तिची विश्रांती आणि तिची विचारपूस आधीच ठरवा, आणि तिचं बाळंतपण वेळेवर करा.