वाहनाच्या रंगावरील खोल ओरखडे

आमच्या मालवण किनाऱ्यावरील कित्येक वाटा अरुंद, आणि दोहों बाजूंस जांभ्या दगडाचे गडगे. समोरून एस. टी. आली कीं वाहन कडेला घ्यावें लागतें आणि गडग्याची धार त्याच्या अंगावर खूण ठेवून जाते. ती खूण पाहून आपण हळहळतों, तें केवळ शोभेसाठीं. पण खरें नुकसान शोभेचें नव्हे. तें कोणतें व त्यावर उपाय काय, हें विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम रंगाची रचना पाहूं. सावंतवाडीचे चितारी जुन्या रीतीनें गंजिफा करितात, तेव्हां कापडास चिंचोक्याची खळ देतात, मग खडूचें अस्तर, त्यावर चित्र, आणि शेवटीं लाखेचा लेप. मोटारीच्या पत्र्यावरही असाच क्रम असतो. तळाशीं गंज रोखणारें अस्तर, त्यावर पृष्ठभाग सारखा करणारें दुसरें अस्तर, मग रंग, आणि सर्वांवर पारदर्शक तकाकी. या सर्वांची जाडी मिळून सुमारें १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडी अधिक. एवढ्याशा कवचावर पत्र्याचें आयुष्य अवलंबून असतें.

ओरखडा किती खोल आहे, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. जागा धुऊन त्यावर आडवें नख फिरवावें. नख अडकलें नाहीं, तर केवळ तकाकी दुखावली असें समजावें. तेथें पॉलिश पुरतें. नख अडकलें व आंत राखी अस्तर दिसलें, तर रंग गेला. धातूच दिसूं लागला, तर विलंब करूं नये.

याचें कारण आमची हवा. समुद्राच्या पाण्यांत सुमारें ३.५ टक्के क्षार असतात. लाटा फुटल्या कीं त्यांचे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर गांवांत येतात. मीठ हवेंतील ओल ओढून घेतें, आणि खाऱ्या ओलींतून विद्युत् सहज वाहते. म्हणून लोखंड गंजण्याची क्रिया झपाट्यानें चालते. शिवाय गंजास मूळ लोखंडापेक्षां पुष्कळ अधिक जागा लागते. तो आजूबाजूचा रंग आंतून उचलतो आणि त्याखालीं पसरत जातो.

याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या स्कूटरीस असाच ओरखडा पडला. चतुर्थीस पाहुणे येणार म्हणून आम्हीं घाईनें गंजावरच रंगाचा हात दिला. दिवाळीपर्यंत सर्व झकास दिसलें. पुढच्या पावसाळ्यांत तेथें फोड आले. बोट लावतांच पापुद्रा सुटला, आणि खालचा पत्रा चाळणीसारखा झालेला आढळला. तो कापून नवा तुकडा जोडावा लागला.

आतां योग्य रीत सांगतों. काम दसऱ्यानंतर, कोरड्या दिवशीं करावें. दमट हवेंत रंगावर दंव धरून तो पांढुरका पडतो. गोड्या पाण्यानें व साबणानें मीठ धुऊन जागा पूर्ण वाळवावी, व स्पिरिटनें तेलकटपणा पुसावा. भोंवतालीं कागदी चिकटपट्टी लावावी. ८० नंबरच्या काचकागदानें स्वच्छ धातु दिसेपर्यंत गंज काढावा. मग ३२० नंबरच्या कागदानें कडा अशा उतरत्या कराव्या कीं बोटास पायरी लागूं नये. उघडा पत्रा रात्रभर ठेवूं नये. त्याच दिवशीं गंजरोधक अस्तराचे दोन पातळ हात द्यावे. खांच उरली तर लांबी भरावी, ती वाळल्यावर कोरडीच घासावी, आणि तीवर पुन्हां अस्तर द्यावें. कारण लांबी पाणी शोषते. त्यानंतर वाहनाच्या पाटीवरील क्रमांकाप्रमाणें रंग आणून तीन पातळ हात द्यावे, प्रत्येक हात वाळूं द्यावा, आणि शेवटीं तकाकीचे दोन हात द्यावे. तकाकी पुरती कठीण झाल्यावर २००० नंबरच्या ओल्या कागदानें हलकें घासून पॉलिश करावें.

सावधगिरीचे दोन शब्द. थिनरची वाफ पेट घेते. म्हणून काम उघड्यावर, चुलीपासून दूर करावें. घासतांना नाकातोंडावर पट्टी असावी. कठीणक मिसळून फवारण्याचे रंग फुप्फुसांस अपायकारक असतात. ते जाणत्या रंगाऱ्यावर सोंपवावे. विद्यार्थ्यांनीं हें काम वडील माणसांच्या देखरेखीवांचून करूं नये.

या साऱ्या खटाटोपांत रंग देण्यास सर्वांत कमी वेळ लागतो. बहुतेक वेळ जातो तो धुण्यांत, घासण्यांत व अस्तरांत. काम संपल्यावर हें श्रम कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. तथापि पुढचा पावसाळा येतो, तेव्हां पत्र्याचें रक्षण तेच करितात.