ट्रकमधल्या घोड्याचे तोंड कोणीकडे?

गुहागरहून चिपळूणला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही कधी उभ्याने प्रवास केला आहे काय? वाटेत गुरे आडवी येतात, ड्रायव्हर करकचून ब्रेक लावतो आणि उभी माणसे पुढे कोलमडतात. गाडी थांबते, पण शरीर आपली गती सोडत नाही. यालाच जडत्व म्हणतात. तुम्ही निदान वरची दांडी धरता. घोड्याने काय धरावे?

शर्यतींचा हंगाम पुण्यात पावसाळ्यात, तर मुंबईत हिवाळ्यात असतो. त्यामुळे शर्यतीच्या घोड्यांना गाडीत उभे राहून घाट चढावा-उतरावा लागतो.

डोके व लांब मान यांमुळे घोड्याचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तोंड इंजिनाकडे असेल, तर ब्रेक लागताच त्याच पायांवर आणखी भार येतो आणि डोके आपटण्याची भीती असते. तोंड मागे असेल, तर धक्का मांसल पुठ्ठ्यावर बसतो. गाडी सुटताना उलटे होईल, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण गाडी वेग घेते हळूहळू आणि थांबते एकदम! १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात, मागे तोंड केलेल्या घोड्यांच्या हृदयाचे ठोके कमी आढळले. इतर काही प्रयोगांत मात्र असा फरक दिसला नाही.

आपल्या देशातील १९७८ च्या प्राणी-वाहतूक नियमांत तिसरीच दिशा दिली आहे. ट्रकमध्ये गुरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत, घोड्यांची मात्र डावीकडे! आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो, म्हणून समोरची वाहने उजवीकडून जातात. घोडा मुळातच बुजरा. त्याला ती दिसू नयेत हा हेतू.

पण आडव्या घोड्याला ब्रेकचा धक्का कुशीवर बसतो, आणि डाव्या-उजव्या पायांत अंतर थोडे. म्हणूनच दर दोन घोड्यांमध्ये निदान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू हवा आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपेक्षा जास्त नको, असेही त्या नियमांत आहे. घाटातल्या वळणावर मात्र हाच घोडा अधिक ठाम उभा राहील. तेथे धक्का डोक्याकडून शेपटीकडे किंवा उलट बसतो, आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर बरेच असते.

घरी करून पाहा. पाटावर काड्यापेटी तिच्या लांब, अरुंद कडेवर उभी करा. पाट सरकवून एकदम थांबवा. एकदा पेटी सरकण्याच्या दिशेने लांब ठेवून, एकदा आडवी ठेवून. मग आडव्या पेटीच्या दोन्ही बाजूंना पुस्तके टेकवा आणि पुन्हा पाट सरकवा.