आईची पंचाहत्तरी, कोरड्या सालात

माझं माहेर लोहारा तालुक्यातलं. २०२३ चा ऑगस्ट अख्खा कोरडा गेला होता, सोयाबीननं माना टाकल्या होत्या. पुढं ३१ ऑक्टोबरला सरकारनं दुष्काळ जाहीर केला, त्या ४० तालुक्यांत लोहारा होताच. नेमकी त्याच साली आईची पंचाहत्तरी आली. थोडक्या पैशांत ती कशी पार पाडली, ते सांगते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

१. तारीख सोयीनं धरा. आई शाळेत गेलेली नाही. आधारवर १ जानेवारी १९४८ लागलंय. आजी मात्र सांगायची, ‘पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत झाली.’ म्हणजे सप्टेंबर १९४८; १३ तारखेला फौजा निजामाच्या मुलखात शिरल्या आणि १७ ला मराठवाडा मोकळा झाला. २०२३ ला १९ सप्टेंबरला गणपती बसणार होते आणि महिनाअखेरीस पितृपक्ष लागणार होता. आम्ही मधला रविवार, २४ तारीख धरली. गल्लीतल्या मंडळाचा मांडव उभा होता, सतरंज्या होत्या, माईक होता. त्या दिवसाचा प्रसाद आमच्याकडून दिला आणि मांडवाचं भाडं वाचलं.

२. खर्चाची यादी करण्याआधी जिची पंचाहत्तरी, तिला विचारा. धाकट्या भावाच्या मनात हॉल आणि मोठा केक होता. आई म्हणाली, “माज्या भैनी येऊ द्या. एक रात मुक्काम करू द्या. बाकी काय बी नको.” मग तेच मुख्य कार्य ठरलं. मावश्या विखुरलेल्या, एक भूमकडं, एक बार्शीजवळ, थोरली पार परंड्याला. गाडी केली असती तर निम्मे पैसे तिथंच गेले असते. पण ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. थोरली मावशी फुकट आली, बाकीच्या अर्ध्या तिकिटात. प्रत्येकीसोबत एक नातू किंवा नात द्यायची, एवढं मात्र आम्ही हट्टानं पाळलं. म्हाताऱ्या माणसाला एकटं स्टँडवर उतरवू नये. दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून तुळजापूरला जाऊन आल्या, तेही एसटीनंच.

३. मानपानाचं आधीच बोलून घ्या. आपल्याकडं टोपी-टॉवेल, साड्या, नारळ यांत किती पैसा जातो ते जेवणाचा हिशोब करताना कुणी धरत नाही. ‘आहेर आणू नये, दिला जाणार नाही’ हे थोरल्या भावानं स्वतः फोन करून सांगितलं. मोठ्यानं सांगितलं की कुणाला राग येत नाही. साड्या फक्त आईला आणि मावश्यांना, एकसारख्या.

४. जेवण घरचं ठेवा. येसर आमटी, भात, चपाती, वांग्याची भाजी आणि गुळातली गव्हाची खीर. येसर वहिनीनं आठवडाभर आधी भाजून दळून ठेवला होता. मोठी पातेली देवळातून आणली. एकच आचारी, हाताखाली आम्ही. केकऐवजी मावसभावानं कुंथलगिरीचे पेढे आणले.

५. बॅनर नको म्हणा. आमच्याकडं लावायला आईचा तरुणपणीचा फोटोच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे घर पडलं, पेटी ढिगाऱ्यात गेली. लोक त्याला किल्लारीचा भूकंप म्हणतात, पण लोहारा-उमरग्याच्या गावांनीही तेवढंच सोसलंय. म्हणून फोटोंऐवजी माईक बायकांच्या हाती दिला. शेजारच्या काकू उठल्या. “पत्र्याच्या शेडात व्हतो तवा माजी लेक बाळंत झाली. ह्या बाईचं सोताचं घर पडल्यालं, अन् हिनं डिंकाचे लाडू आणून दिले.” आम्हा भावंडांना हे कुणालाच माहीत नव्हतं. मी मान वळवून आईकडं पाहिलं, तर ती लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत खाली बघत बसली होती. भाचीनं सगळं फोनवर रेकॉर्ड केलंय. या कार्यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच, आणि त्याला एक रुपया लागला नाही.

६. औक्षणाचे पंचाहत्तर दिवे कणकेचे करा. चिमूटभर हळद घालून घट्ट मळायचे, वाफवून घ्यायचे, वाती आदल्या रात्री तुपात भिजवायच्या. पेटवायला चौघी-पाचजणी एकदम बसा, नाहीतर शेवटचा लागेपर्यंत पहिला विझतो. पंखा बंद ठेवा.

७. वर्गणी सारखी नको, ऐपतीप्रमाणं घ्या आणि आकडा एकाच माणसाकडं राहू द्या. शेतीवर असलेल्या भावानं गहू, गूळ आणि तूरडाळ दिली, नोकरीवाल्यांनी पैसे. कुणी किती दिले हे जेवणावळीत बोललं गेलं नाही, म्हणून कुणाचं मन दुखलं नाही.

८. पुढच्या कार्याची तजवीज आत्ताच करा. पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते, तेव्हा हजार पौर्णिमा भरायला ऐंशी वर्षं आणि वर दहा-अकरा महिने लागतात. आईचं सहस्रचंद्रदर्शन २०२९ च्या पावसाळ्यात येईल. आम्ही भावंडांनी पोस्टात पाच वर्षांची आरडी उघडली आहे. ती २०२८ ला सुटेल. थोरल्या मावशीनं आत्ताच बजावलंय, त्या वेळी दोन रात्री मुक्काम करणार.