नवी पाटी, जुना वर्गणीदार

22 जानेवारी 2021 रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह गोल्ड या वर्गणीचे नवे दर जाहीर केले. सहा महिन्यांना 59.99 डॉलर. तेवढ्याच पैशांत आधी वर्षभर खेळता येई, म्हणजे नव्याने वर्गणी घेणाऱ्यांना आता दुप्पट मोजावे लागणार होते. गेमर असे खवळले की कंपनीने त्याच दिवशी निर्णय फिरवला. वर फोर्टनाइटसारखे मोफत गेम ऑनलाइन खेळायला गोल्ड लागणार नाही, असंही सांगून टाकलं.

हा भडका एका दिवसात उडाला, पण त्याचं इंधन सोळा वर्षांचं होतं. 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 आला तेव्हा हिशेब सोपा होता: सिल्व्हर फुकट, गोल्डला पैसे, आणि इतरांशी ऑनलाइन खेळायचं तर गोल्डच हवं. 2010 मध्ये सिल्व्हरचं नाव सरळ ‘फ्री’ करण्यात आलं. कुणाचं काही गेलं नाही, त्यामुळे कुणी तक्रारही केली नाही. 2017 मध्ये मात्र घरातच भाऊबंद उभा राहिला. महिना 9.99 डॉलरमध्ये शंभराहून अधिक गेम देणारा गेम पास आला, 2019 मध्ये दोन्ही एकत्र करणारा अल्टिमेट आला, आणि ‘गोल्ड’ नाव मिरवणारी वर्गणी सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसली. तिचे दर दुप्पट करण्याची कल्पना नेमकी याच वेळी कुणाला सुचावी, हे नवलच.

सप्टेंबर 2023 मध्ये गोल्डचं ‘गेम पास कोअर’ झालं. दर तेच राहिले. दरमहा मिळणारे गेम बंद झाले, त्याऐवजी पंचवीसेक गेमचा संग्रह मिळाला. थोडी कुरबुर झाली आणि विषय मिटला. ऑक्टोबर 2025 मध्ये पुन्हा पाट्या बदलल्या: कोअरचं ‘इसेन्शियल’, त्याच्या वरच्या स्टँडर्ड श्रेणीचं ‘प्रीमियम’. या दोन्हींत गेम वाढले, अमेरिकेतले दर होते तेच राहिले. खरं तर ही चांगली बातमी होती. पण त्याच घोषणेत अल्टिमेट 19.99 वरून 29.99 डॉलरवर गेलं, आणि वर्गणी रद्द करायला एवढी झुंबड उडाली की ते पानच उघडेना. खालच्या दोन श्रेणींत काय वाढलं, ते वाचायला थांबतो कोण? नामांतर आणि दरवाढ एकाच दिवशी उरकली की लोकांना नवं नावही दरवाढीचाच बुरखा वाटतं. दोहोंत काही महिन्यांचं अंतर ठेवणं परवडतं.

रोब्लॉक्सने नामांतराचं हेच काम बरंच नीट केलं. 2007 पासून तिथे बिल्डर्स क्लब होता, पुढे त्यावर टर्बो आणि आउटरेजियस असे मजले चढले. गेम बनवणाऱ्या मुलांना ही नावं शोभत होती. पण पुढे नुसतं खेळायला येणारे वाढले, आणि त्यांना ‘बिल्डर’ म्हणवून घेण्यात काय रस असणार? 2019 मध्ये तिन्ही नावं जाऊन प्रीमियम 450, 1000 आणि 2200 आली. हे आकडे म्हणजे दरमहा मिळणारे रोबक्स, म्हणजे तिथलं चलन. आधी रोज 15, 35 किंवा 60 मिळत. पंधराचे महिन्याला 450 होतात, म्हणजे खालच्या श्रेणीचा हिशेब तंतोतंत जुळला, आणि दर 5.95 वरून 4.99 डॉलरवर आला. मधल्या श्रेणीला पन्नासेक रोबक्स कमी पडले, पण तिचा दरही 11.95 वरून 9.99 झाला. शाळकरी पोरालाही हा हिशेब स्वतः करून पाहता येत होता.

नावात आकडा घालायचा, तर तो लवकर शिळा होणारा नको. एनव्हिडियाने 2021 मध्ये क्लाउडवरून गेम खेळवणाऱ्या आपल्या जीफोर्स नाऊ सेवेच्या वरच्या श्रेणीला आपल्या ग्राफिक्स कार्डाचं ‘आरटीएक्स 3080’ हे नाव दिलं. 2023 च्या जानेवारीत सर्व्हरवर 4080 च्या ताकदीची यंत्रं यायला लागली आणि श्रेणी ‘अल्टिमेट’ झाली. हे टाळता आलं असतं.

सर्वांत किचकट काम असतं ते जुन्या वर्गणीच्या उरलेल्या दिवसांच्या हिशेबाचं. सोनीने 2022 मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या इसेन्शियल, एक्स्ट्रा, प्रीमियम अशा तीन श्रेणी केल्या. क्लाउडवरून गेम खेळण्याची सोय नसलेल्या भारतासारख्या देशांत प्रीमियमऐवजी डिलक्स आली. आशियात योजना सुरू होताच वेगळाच घोळ उघड झाला. ज्यांनी जुनी वर्गणी सवलतीत घेतली होती, त्यांना वरच्या श्रेणीत जाताना ती सवलतही भरून द्यावी लागत होती. आधीच पैसे भरून ठेवणाऱ्या निष्ठावंतालाच हा दंड! सोनीने तांत्रिक चूक झाल्याचं सांगून रक्कम परत देण्याचं कबूल केलं. अशा वेळी जुने वर्गणीदार किती प्रकारचे आहेत, कुणी वर्षाचे भरलेत, कुणी सवलतीत घेतलंय, कुणाला भेटकार्ड मिळालंय, याची आधी यादी करून प्रत्येकाचं बिल हाताने काढून पाहावं.

जीफोर्स नाऊने मात्र या बाबतीत हात सैल सोडला होता. मार्च 2021 मध्ये ‘फाउंडर्स’ श्रेणी नव्यांसाठी बंद झाली, तिच्या जागी 9.99 डॉलरची ‘प्रायॉरिटी’ आली. पण जे आधीपासून होते त्यांना, वर्गणी खंडित न करण्याच्या अटीवर, 4.99 हाच दर कायम ठेवण्यात आला.