स्विस आडनावाचं मूळ गाव कसं शोधावं

स्विस आडनावाचा शोध घेणारे बहुतेक जण सुरुवातीलाच आडनावाच्या अर्थामागे लागतात. ते बाजूला ठेवा, आधी गाव शोधा. स्वित्झर्लंडच्या पासपोर्टवर जन्मगाव नसतं, हाइमाटोर्ट म्हणजे घराण्याचं मूळ गाव असतं. माणूस जन्माला कुठेही येवो, त्या गावचं नागरिकत्व त्याला वारशाने मिळतं. निराधार झालेल्याला पोसण्याची जबाबदारी पूर्वी त्याच्या मूळ गावावर असे. त्यामुळे आपलं कोण आणि परकं कोण, याच्या नोंदी गावांनी काटेकोरपणे ठेवल्या. कुलवृत्तांतासाठी पायपीट केलेल्या आपल्याकडच्या मंडळींना या दप्तरांचा हेवाच वाटेल.

उदाहरणाला योडर हे आडनाव घेऊ. अमेरिकेत ओहायो आणि इंडियानातल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या वस्त्यांत योडर पदोपदी भेटतात. त्यांचं मूळ गाव श्टेफिसबुर्ग, बर्न कँटनमध्ये थून शहराला लागून. योडर हे थिओडोर या नावाचं तिथलं बोलीरूप. चौथ्या शतकात वालिसचा पहिला बिशप झालेला संत थिओडोर आल्प्सच्या खोऱ्यांत संत योडर म्हणून पुजला गेला, मुलांना त्याचं नाव ठेवलं जाऊ लागलं, आणि पुढे कुणा पूर्वजाचं नाव घराण्याला चिकटलं. अर्थ एवढाच. पण असं आडनाव एकमेकांशी नातं नसलेल्या घरांतही रुजू शकतं, म्हणून अर्थ कळला तरी घराणं हाती लागत नाही.

शोध नेहमी अलीकडून पलीकडे न्या. हयात असलेल्या सर्वांत वयस्कर माणसाशी बोला, जुनं कौटुंबिक बायबल, थडग्यांवरचे लेख, जमिनीचे कागद पाहा. प्रत्येक कागदावर आडनावाचं स्पेलिंग कसं आहे, तसंच्या तसं उतरवून घ्या, सुधारू नका. जर्मनमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'य' होतो, म्हणून स्वित्झर्लंडमध्ये 'जे'ने लिहिलेला योडर अमेरिकेत 'वाय'ने लिहिला जाऊ लागला. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्रात दोन्ही रूपं टाकावी लागतात. म्युलरचे मिलर झाले, हिर्शीचे हर्शी झाले.

मग स्थलांतराचे कागद. १७२७पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या जर्मन भाषक पुरुषांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि त्या याद्या आजही छापील रूपात मिळतात. एकाच जहाजाच्या एकाहून अधिक याद्या असू शकतात. कप्तानाची यादी इंग्रजी कानाला ऐकू आलं तशी लिहिलेली, तर शपथेच्या यादीत उतारूची स्वतःची जर्मन लिपीतली सही. ज्याला सही येत नसे तो खूण करी आणि नाव कारकून लिही. विश्वास ठेवायचा तो सहीवर. कारकुनाच्या हातचं नाव फक्त दिशा दाखवतं.

अमेरिका ते स्वित्झर्लंड अशी थेट उडी मात्र मारू नका. शोध सर्वांत जास्त अडतो तो मधल्या मुक्कामाला. बर्नच्या सरकारने टॉयफर पंथीयांचा (आमिश आणि मेनोनाइट याच परंपरेतले), म्हणजे बाळाचा बाप्तिस्मा नाकारून प्रौढपणीच तो घेणाऱ्यांचा, दीर्घकाळ छळ केला. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८-१६४८) ऱ्हाइनकाठचा पॅलॅटिनेट प्रांत ओसाड पडला होता. तिथल्या शासकाने १६६४ मध्ये या लोकांना राहायची सवलत दिली, आणि १६७१ च्या सुमारास बर्नमधून शेकडो माणसं तिकडे गेली. काही अल्सासमध्ये स्थिरावली, पण १७१२ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्यांना तिथून हाकललं. योडरांच्या एक-दोन पिढ्या अशा मधल्या मुलखात गेलेल्या असू शकतात, म्हणून तिथल्या कर आणि मेनोनाइट कुटुंबांच्या याद्या चाळा.

आता मूळ गाव. स्विस आडनावांचा एक कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो. १९६२ मध्ये कोणत्या घराण्याकडे कोणत्या गावचं नागरिकत्व होतं आणि ते साधारण कधीपासून होतं, हे त्यात दिलेलं आहे. १८०० पूर्वीपासूनचं नागरिकत्व असलेल्या गावांवर प्रथम लक्ष द्या. मात्र १९६२ पूर्वी खुंटलेली घराणी त्यात नाहीत.

गाव ठरलं की चर्चची पुस्तकं. बर्नच्या राज्य अभिलेखागाराने १८७५पर्यंतची बरीचशी स्कॅन करून ठेवली आहेत. १८७६पासून देशभर सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदी सुरू झाल्या. जुनी जर्मन हस्तलिपी आधी शिकून घ्या, चिकाटीने बसलं तर ती येते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळ आणि आईबापांबरोबर धर्ममाता-धर्मपित्यांची नावं असतात. ते बहुधा नात्यातले किंवा शेजारचे, म्हणून त्यांचीही नोंद ठेवा. एकाच गावात तीन हान्स योडर निघाले तर वेगळे ओळखायला याच नावांचा आधार होतो. टॉयफर घरातल्या मुलाची नोंद नसेल तर निराश होऊ नका, तिथे पोकळी असणं स्वाभाविकच आहे. अशा वेळी गावच्या धर्मन्यायालयाची दप्तरं आणि जप्त केलेल्या मालमत्तेचे हिशेब पाहा. ज्यांना सरकारने छळलं, त्यांच्याबद्दल सरकारनेच सर्वांत जास्त लिहून ठेवलं आहे. तारखांबाबतही सावध राहा: बर्नमध्ये ३१ डिसेंबर १७०० नंतर थेट १२ जानेवारी १७०१ उजाडला.

आडनाव सारखं म्हणून वंश एकच, असं गृहीत धरू नका. पेनसिल्व्हेनियात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ओली खोऱ्यात वसलेले योडर आणि नंतर आलेले आमिश योडर यांचे वंशवृक्ष वेगळे मांडावे लागतात. कागद संपतात तिथे पुरुष वंशाची वाय-डीएनए चाचणी नातं पडताळायला उपयोगी पडते. आडनावाबरोबर कुलचिन्ह विकणाऱ्या दुकानांपासून मात्र दूर राहा. चिन्ह एखाद्या विशिष्ट घराण्याचं असतं, ते आडनावाच्या प्रत्येक माणसाला लागू होत नाही.

शेवटी अभिलेखागाराला पत्र लिहायची वेळ येईल. ते शक्यतो जर्मनमध्ये लिहा आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा. सोबत एवढं द्या: व्यक्तीचं नाव, गाव, अंदाजे वर्ष, जोडीदाराचं नाव, आणि आतापर्यंत कोणती पुस्तकं पाहिली ते. 'आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा' असं लिहिलेल्या पत्राचं उत्तर देणं कुणालाच शक्य नसतं.