मोर, साप आणि मधल्या पायऱ्या

चि. सोनू हिस,


भूमितीत तू प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहितेस: विरुद्ध कोन, सामाईक बाजू, पायथागोरसचे प्रमेय. बीजगणितात मात्र मधल्या पायऱ्या गाळून थेट उत्तर मांडतेस. तिथेही कारणं लिहावीस, एवढ्यासाठी हे पत्र.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं (इ. स. ११५०) हे उदाहरण घे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे आणि खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. बिळापासून २७ हातांवर असलेला साप बिळाकडे निघाला, मोराने त्याच्यावर तिरकी झेप घेतली. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर त्यांची गाठ बिळापासून किती हातांवर पडली?

आधी आकृती काढ. खांब उभा, म्हणून काटकोन. मोराची झेप हा कर्ण. मग शब्दांत लिही: ‘बिळापासून गाठीपर्यंतचे अंतर क्ष हात मानू.’ ही ओळ कधीच गाळू नकोस, नाहीतर शेवटी आलेला आकडा कशाचा तेच कळत नाही. साप (२७ − क्ष) हात चालला, म्हणजे कर्णही तेवढाच. म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने:

८१ + क्ष² = (२७ − क्ष)²

खरी कसोटी इथे आहे. घाईत उजवीकडे ७२९ − क्ष² लिहिलं जातं आणि त्यातून क्ष = १८ असं सुबक उत्तर निघतं. पूर्णांक आला की मन लगेच विश्वास ठेवतं. पण आकृतीकडे बघ: १८ खरं असेल तर साप ९ हात चालला, म्हणजे कर्णही ९. खांबच ९ हातांचा आहे, आणि कर्ण तर त्याहून मोठा असायलाच हवा!

बरोबर विस्तार ७२९ − ५४क्ष + क्ष². दोन्ही बाजूंतून क्ष² वजा कर. मग दोन्ही बाजूंत ५४क्ष मिळव आणि ८१ वजा कर. ५४क्ष = ६४८, म्हणून क्ष = १२. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ असं न म्हणता दोन्ही बाजूंना काय केलंस ते लिहीत जा. ताळा: साप १५ हात; मोर ८१ + १४४ = २२५ चं वर्गमूळ, तेही १५.

भास्कराचार्यांची रीत याहून आटोपशीर आहे: ८१ भागिले २७ म्हणजे ३, २७ उणे ३ म्हणजे २४, त्याचं निम्मं १२. ही रीत का चालते? खांबाच्या उंचीला उ आणि सापाच्या बिळापासूनच्या मूळ अंतराला अ मानून सोडव, आणि कारणांसकट मला पाठव.

तुझी,
आत्या